सूर्य पाठीशी

पे-कमिशनच्या एरियर्सचे पैसे आले
तेव्हा मेयोतल्या बाकीच्या सिस्टरांनी
इतवारीत जाऊन कानातले घेतले.
आई सीताबर्डीवरून
आगफाचा क्लिक थ्री घेऊन आली.
आजी म्हणाली, "सोनं मोडता तरी येते, बाप्पा.
ह्याचं काय करशील?"

एका रोलमध्ये बारा फोटो.
बारा पुरवायचे वर्षभर,
घासलेट पुरवतात तसे.

बाबा आरएमएसमध्ये,
रात्रभर धावत्या गाडीत
लोकांची पत्रं खणाखणात टाकणारे.
आईची नाइट ड्यूटी.
दोघंही घरी, दोघंही जागे,
असा दिवस निघाला की
इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांसमोर
आम्ही ओळीनं उभे.

डब्यातल्या पत्रकात लिहिलं होतं,
सूर्य पाठीशी ठेवा.
बाबांनी एकदाच वाचून दाखवलं.
आईनं ते पाळलं
औषधाच्या वेळेसारखं.

म्हणून फोटोत खालून वर
चढत येते तिची सावली.
अंबाझरीच्या बांधावर, पाणी ओसंडलं त्या दिवशी.
महाराजबागेत, अस्वलाच्या पिंजऱ्यापाशी.
टायफॉइडमधून उठलेल्या दादाच्या
टक्कल केलेल्या डोक्याखाली.
बाबांच्या सेकंडहँड लँब्रेटावर तर
पुढच्या चाकात तिचं कोपर अडकलेलं.
दोन्ही कोपरं बाहेर, डोकं लहान,
कानवाल्या हंडीसारखी दिसते.

मोहबे स्टुडिओवाले पाकीट देताना म्हणायचे,
"सिस्टर, सावली येऊन राहिली फोटोत."
"येऊ द्या ना.
तिचं वेगळं बिल लावता का?"

बटण ती इंजेक्शन दिल्यासारखं दाबायची.
"तिकडं पाहा, कडुनिंबावर कावळा कसा बसला!"
आम्ही पाहायचो,
तोवर झालेलं असायचं.
त्यामुळे आमच्या घरात कोणीच
कॅमेऱ्याकडे पाहत नाही.
आजी, बाबा, दादा, मी,
चौघंही चौकटीबाहेरच्या कावळ्याकडे.
कावळा एकाही फोटोत नाही.

एका फोटोत सावली नाही.
अंगणात कुरड्या, खाटेवर आजी,
डोक्यावर ओला पंचा.
हा बाबांनी काढला असेल
असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.
दादा म्हणाला, बाबांना रोलही भरता येत नव्हता.
मेमधलं बाराचं ऊन आहे ते.
सावली तिच्या पायाखाली,
चपलेएवढी.
उभी असेल तिच्यावरच.

ती गेली तेव्हा फोटो हवा होता.
अकरा रोल. एकशेबत्तीस फोटो,
त्यातले काही धुताना गेलेले.
आम्ही रात्रभर सतरंजीवर मांडून बसलो,
वहिनी चहा करत राहिली.
शेवटी मेयोचं ओळखपत्र सापडलं.
नखाएवढा फोटो मोठा करून घेतला,
त्याबरोबर खांद्यावरचा
जांभळा अर्धा शिक्काही मोठा झाला.
भिंतीवर आता ती
दवाखान्याची मालमत्ता असल्यासारखी दिसते.
दादा म्हणतो, काढून टाकू शिक्का,
मोबाइलवर होते ते.
अजून काढला नाही.

त्याच रात्री एक फोटो मी
पर्समध्ये ठेवून दिला, कोणाला न विचारता.
नाइटवरून येऊन, साडी न बदलता
काढलेला असणार.
सकाळचे सात, ऊन अगदी खालून.
सावली अंगणभर लांब,
पाय कुठे सुरू होतात ते फोटोत नाहीच.
आजीचे, बाबांचे, दादाचे
डोळे उन्हानं बारीक, कपाळाला आठ्या.
मी चार वर्षांची, मधोमध,
एका पायात बूट.
तिच्या डोक्याची सावली
बरोबर माझ्या तोंडावर आली आहे.

माझे डोळे टक्क उघडे.
मी कावळ्याकडे पाहत नाही.